टक्

नाशिकरोडला जानेवारीत पहाटे
नळाचं पाणी बोटांना चावतं.
निफाडचा पारा पेपरात छापून येतो,
आमचा येत नाही.

गायधनींच्या तिसऱ्या मजल्यावर
मी दोन डबे घेऊन चढलो.
एकात रिले, एकात ट्रायॅक.
शेजारी शेजारी ठेवले टेबलावर,
दोन वाणांचे कांदे दाखवावेत तसे.

म्हटलं, काकू, हा टक् करतो.
खोली तापली की टक्, निवली की टक्.
आत दोन चिमुकले ओठ आहेत धातूचे,
भेटले की ठिणगी, सुटले की ठिणगी,
दरवेळी थोडे थोडे काळे पडतात.
तरी निघतील आठ-दहा हिवाळे.

आणि हा मुका.
सेकंदाला किती वेळा उघडतो-मिटतो
ते त्याचं त्यालाच ठाऊक.
पाठ तापते याची, कपाटामागे कोंडू नका.
आणि मेला तर बहुधा चालू राहूनच मरतो,
म्हणून वेगळा कटऑफ लावून देतो.

कुमुदिनीकाकू म्हणाल्या, मुका द्या.
माझी झोप सुपातल्या फोलपटासारखी,
कुणी फुंकर मारली की गेली.

काका काही बोलले नाहीत.
रिलेचा डबा कानाशी नेऊन
हलवून बघत राहिले,
नारळात पाणी आहे का बघतात तसे.

मुकाच बसवला. अठराशे रुपये, पावतीसकट.

चौथ्या दिवशी काकूंचा फोन, कुजबुजत.
हीटर छान आहे हो,
खोली अगदी एकवीसवर, हलत नाही.
पण हे रात्री चारदा उठतात.
जाळीसमोर तळवा धरून उभे राहतात,
अंधारात,
तापलेल्या पोराच्या उशाशी उभं राहावं तसे.
आणि हे उठले की मी उठते.

गेलो, तेव्हा कळलं.
छत्तीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंज. बहुतेक रात्रपाळी.
कुणी कुठे नंबर फिरवला
की हॉलभर टकटक धावत जायची,
पत्र्यावर ज्वारी ओतल्यासारखी.
“कुठल्या रॅकला बरं नाही,” काका म्हणाले,
“ते मी डोळे मिटून सांगायचो.
एका रात्री सगळंच गप्प झालं. सतरा मिनिटं.”
पुढे बोलले नाहीत,
चष्मा पुसत बसले.

कंपनीच्या कागदावर सगळं असतं:
किती वॅट, किती अँपिअर,
फरक अर्ध्या अंशाचा की दोन अंशांचा.
झोपणारा माणूस कुठून उठून आलाय,
त्याला रकाना नाही.

रिले मी पॅसेजमध्ये बसवला,
काकांच्या उशामागच्या भिंतीपलीकडे.
सेन्सरची तार चौकटीवरून आत घेतली.
खोली आता एकवीसवर बसत नाही,
वीस ते बावीस हेलपाटे घालते.
काकूंना सांगितलं तसं. त्या म्हणाल्या, घालू दे.

मग चहा झाला.
तिघं गप्प बसून वाट बघत होतो,
लग्नाच्या बैठकीत होकाराची बघतात तशी.

टक्.

भिंतीतून आला, उंबऱ्याइतका बुटका आवाज.
काकांचे खांदे खाली आले.
“लागला ना ऐकू तुम्हाला?” मी काकूंना विचारलं.
“काय?” त्या म्हणाल्या.

कप ओठांशी जाता जाता
थांबला होता, तेवढंच.