मोजणी

अर्ज होता गुणाजी केरकराचा:
आरोंद्यात, खाडीच्या काठाला बार,
आत एक मंच, मंचावर चार बायका.
नियम म्हणतो, शाळा नि देवळापासून एक किलोमीटर.
म्हणून सावंतवाडीहून मी आलो,
बरोबर टेप, खुंट्या आणि शिपाई नार्सू.

शाळा नऊशे चाळीस मीटरवर भरली.
पटावर मुलं तीन, एक मामाकडे गोव्यात.
तिथेच अर्ज संपला असता.
पण केरकर म्हणाला, "देवळाचा पण मोजा.
एकदाच काय तां होऊन जांवदे."

रवळनाथ, सहाशे दहा.
मग माडाच्या मुळाशी शेंदराचा दगड.
"हा देव?" मी विचारलं.
नार्सूने चपला काढल्या.
मी वहीत लिहिलं: देऊळ.
मग मानशीजवळचा कुर्स,
मग हळद वाहिलेलं वारूळ.
टेप फिरवत गेलो तसतसे देव वाढत गेले.
मोकळं सापडलं ते फक्त पाणी,
आणि पाण्याच्या मध्यावर आमचं राज्य संपत होतं.

पलीकडे पेडण्याच्या बाजूला भरदुपारी दिवे.
"तिकडे किती अंतर लागतं?"
"तिकडे पूल लागता," केरकर म्हणाला, "बाकी काय नाय."

चौघींतली एक जागा बघायला आली होती.
पालथ्या होडीवर बसून चणे खात होती.
रेश्मा इकडे, तिकडे रोझी; आधारवर शेवंता.
दोन्ही काठांवर नाचलेली.
"इकडे कठडा, साहेब. पाच फूट लांब गिऱ्हाईक.
बक्षिशी बिलात, बिल मालकाकडे.
तिकडे कठडा नाही.
कठडा असला की हात पोचत नाहीत.
पैसे पण."
आणि पुडी माझ्यापुढे धरली.
मी दोनच चणे घेतले.

रात्री रवळनाथाची जत्रा, दशावतार.
मोहिनी झालेला बुवा नऊवारीत असा काही वळला
की पोलीस पाटलानेच उठून
शंभराची नोट त्याच्या पदराला टाचली.
अंतर? शून्य.
शेवंता बायकांत बसून शिट्टी घालत होती,
तिला कुणी ओळखत नव्हतं.
"ह्याचा फॉर्म कुठला?" तिने मला लांबून विचारलं,
की तसं मला वाटलं, पेटी मोठ्याने वाजत होती.

अहवालात मी लिहिलं: अंतर अपुरे.
शेऱ्याचा रकाना कोरा सोडला.
टेप दोनदा धुतली.
खाडीचा चिखल बसलाय,
पहिले पाच फूट अजून वाचता येत नाहीत.