शेहेचाळीस

सावद्याला पोचलो तेव्हा यामिनी फेगडेचा आवाज
मला जिन्यातच भेटला, खाली उतरत होता.
"हॅलो, हां, सुनाई दे रहा है? हॅलो?"
डिगंबरशेठ झोपे म्हणाले, आता फोन कायले पाह्यजे,
खिडकी उघडली तरी दिल्लीले ऐकू जाईन.

मग कागद पुढे सरकवला.
मंडीतला माणूस बोलला होता अठारा सौ.
वाटेत कुठंतरी 'रा' सांडला,
इथं उतरलं ते आठ सौ.
त्या एका अक्षरापायी केळीचे दोन ट्रक
रात्रभर काट्याशी उभे,
आणि बोलणी खाल्ली यामिनीनं, दोन्हीकडची.

राउटर सापडला कॅलेंडरमागे,
पावतीबुकांच्या गठ्ठ्यावर, तव्यासारखा तापलेला.
आत डोकावलो:
पिकवणीच्या खोल्यांतले बारा कॅमेरे
दिवसभर घडांचं पिवळं होणं वर पाठवत बसलेले;
वारके अकाउंटंटचा बॅकअप, नेमका अकराला,
भाव फुटायच्या वेळी;
आणि कुणाचा तरी लग्नाचा व्हिडिओ, अर्धा चढलेला.
कुणाचा ते मी विचारलं नाही.
शेठचा मुलगा पाणी आणायला गेला.
या सगळ्यांच्या कोपरांखालून वाट काढत
बोलण्याचे बारके बारके तुकडे,
सेकंदाला पन्नास.

फाइलचं बरं असतं.
तुकडा हरवला तर परत मागवता येतो,
उशिरा आला तर त्याची जागा राखून ठेवतात.
बोलण्याला ती सोय नाही.
मागे राहिलेल्या 'रा'साठी
पुढचं 'सौ' थांबत नाही.

म्हणून आवाजाच्या प्रत्येक तुकड्याच्या पाठीवर
मी आकडा टाकला: शेहेचाळीस.
हा आकडा दिसला की दार उघडायचं,
बाकीच्यांनी भिंतीला चिकटून उभं राहायचं.
(बाहेर पाराही तेवढाच होता.
त्याला कुणी वाट देत नव्हतं.)
त्यालाही लगाम ठेवला, लाइनीचा तिसरा हिस्सा, वर नाही.
नुसत्या बोलण्यावर ऑफिस चालत नाही,
हे शेठना लगेच पटलं.

पटलं नाही ते पुढचं.
वर जायची लाइन पन्नासची. मी लिहिले पंचेचाळीस.
"पाच कुठी गेले? पैसे मी पन्नासचे भरतो."
म्हटलं, शेठ, पुरते पन्नास घेतले
तर रांग लागते कंपनीच्या डब्यात, तिकडे खांबावर.
तिथं आपलं कोण ऐकतं?
पाच सोडले, की रांग आपल्या ओट्यावर येते.
मग कुणाला आधी सोडायचं, ते आपल्या हातात.
शेठ बराच वेळ त्या पाचाकडे बघत राहिले.

वारके म्हणाले, माहं त बैलगाडीवानी चालू ऱ्हायलं.
चालू द्या. नऊनंतर सगळा रस्ता तुमचाच.

फोन वाजला.
सवयीनं यामिनीनं छातीभर श्वास घेतला आणि ओरडली.
"अरे बिटिया, धीरे! कान गया मेरा."
ती दचकली. मग खाली आली, एकेक पायरी,
ज्या आवाजात ती घरी बोलत असेल त्या आवाजावर.
अठारा सौ पचास. लिहून घेतला,
सगळी अक्षरं जागच्या जागी.

ठेवणार, तेवढ्यात पलीकडे खोकला.
चार वर्षं रोज भाव सांगणारा माणूस,
त्याचा खोकला तिनं पहिल्यांदा ऐकला.
"खांसी कब से है, चाचा?"

तिकडून काहीच नाही.
लाइन गेली वाटून मी पडद्याकडे पाहिलं:
रांग पहिली, गळती शून्य.
गप्प बसणंच येत होतं तिकडून,
एकही तुकडा न सांडता.
मग तो बोलायला लागला,
हळूहळू, आणि त्यात भाव कुठंच नव्हता.

शेठनी घड्याळ पाहिलं. मग मला.
"यालेबी पुढी सोडतं का हे?"
सोडतं, म्हटलं.
आकडा बघतं फक्त,
आत काय आहे ते उघडून बघत नाही.