एप्रन, चामडी, नग सहा

सोहार बंदरामागे, पत्र्याच्या स्टोअरमध्ये
दुपारी एक ते चार शटर अर्धं खाली असतं.
एसी आहे, म्हणजे त्याचा आवाज आहे.
ते तीन तास मी जर्मनीत असते,
लिप्पे नावाच्या संस्थानात.
आपल्या संगमेश्वर तालुक्याएवढं असेल,
पण राजघराणं होतं, आणि फौजही.
आईला फोनवर नाव सांगितलं तर म्हणाली,
लिंपायचं राहिलंय वाटतं कुणाचं तरी.

नेपोलियनने माणसं मागितली, यांनी मोजून दिली.
पांढरा कोट, हिरवी कॉलर, एवढं सगळ्या पुस्तकांना मान्य.
वाद आहे तो पुढे चालणाऱ्यांवरून.
पलटणीच्या पुढे पायोनियर असत.
आपल्याकडे बेलदार म्हटलं असतं त्यांना.
खांद्यावर कुऱ्हाड,
बाहीवरही दोन कुऱ्हाडी, एकमेकींवर आडव्या,
गुडघ्यापर्यंत चामडी एप्रन,
आणि दाढी. दाढी ठेवायचीच, असा रिवाज.
ओढ्यावर ओंडका टाकायचा, कुंपण तोडायचं,
वाड्याचं फाटक फोडायचं
आणि बाजूला व्हायचं,
कारण मागून ढोल येत असतात.

माझा प्रश्न एवढाच: एप्रन कुठल्या रंगाचा?
एका चित्रात पांढरा. दुसऱ्यात पिवळट.
तिसरं काढणाऱ्याने साठ वर्षांनी काढलं,
त्याच्या पेटीत बहुधा तपकिरीच शिल्लक होता.
माझे सहा बेलदार शिशाचे, करंगळीच्या पेराहून थोडे मोठे,
डब्याच्या झाकणात उभे आहेत मार्चपासून.
गळ्यापर्यंत रंगवलेत. पुढे ब्रश जात नाही.

गेल्या शटडाऊनला मास्कची चाचणी होती.
केस मध्ये आला की गॅस आत येतो,
म्हणून दाढी काढा, नाहीतर कॅम्पवर बसा बिनपगारी.
गुलज़मीर खिडकीशी आला
आणि मी त्याला कार्ड मागितलं.
अकरा वर्षं मी त्याला बूट देते.
मेंदी लावलेली दाढी होती त्याची, छातीला टेकणारी.
तिच्याखालची हनुवटी इतकी फिकट,
की कुणी दुसऱ्याचीच आणून बसवावी.
त्याने खाली बघत सही केली.
मला सांगायचं होतं त्याला,
की एका मुलुखात, एका काळी, असल्या कामाला
दाढीशिवाय उभं करत नसत.
हिंदी येतं मला. तरी वाक्य जुळेना.
मास्क दिला, मीडियम.

काल डेटमोल्डहून फ्राउ डेटमेरिंगचं उत्तर आलं.
चार महिने शोधत होती बाई, तिचंही कौतुक.
हिशेबाची एक वही सापडली, लिहिते.
एप्रन, चामडी, नग सहा.
पैसे पगारातून तीन हप्त्यांत वळते.
रंगाचा उल्लेख नाही, क्षमस्व.

मी मोठ्याने हसले, रिकाम्या स्टोअरमध्ये.
माझंच रजिस्टर होतं ते!
एप्रन, वेल्डिंग, नग चार. हरवल्यास अडीच रियाल.
रंग कशाला लिहील कुणी?
त्या कारकुनाच्या पुढ्यातच तर पडलेले असणार,
ओल्या कातड्याचा वास मारत,
आणि त्याला जेवायला जायचं असणार.

मग परवाच्या नोंदीपुढे, समासात, बारीक अक्षरात लिहिलं:
पिवळसर. डावी कड जळून काळी.
ऑडिटला विचारतील हे काय.
विचारू देत.

चार वाजता शटर वर. डोळ्यांत ऊन घुसतं.
गुलज़मीर उभा आहे. दाढी दोन बोटं वाढलीय,
मीठ जास्त, मिरी कमी. मेंदी अजून नाही.
हातमोजे, म्हणतो.
साइज?
दहा.
मी दहा लिहिते, आणि पुढे: करडे.
तो वाकून वहीत बघतो,
मग हातातल्या मोज्यांकडे,
आणि म्हणतो, ये तो नीला है, मॅडम.