पेट्रोलच्या पावत्या

कुवेतच्या मजलिशीत, हिशेबखात्यात,
अकरा वर्षं माझं काम एवढंच:
सभासदांच्या पावत्या आणि हजेरीचा कागद,
दोन्हींना मिळून एक टाचणी.

नवा ऑडिटर आला, कैरोचा.
म्हणाला, मुकादम, तक्ता हवा.
कोण बसतो, कोण उठतो, कोण किती उकळतो
आणि का.

'का'साठी आमच्या फॉर्मात रकाना नव्हता.

बसलो. बाहेर अठ्ठेचाळीस डिग्री, आत मी स्वेटरात.
कॅमेरे येतात त्या मंगळवारी सभागृह भरलेलं.
घरकर्जाच्या ठरावाला मुंगीला जागा नाही.
मासेमारीच्या जाळ्यांवर चर्चा, तर कोरमची घंटा
वाजून वाजून घसा बसलेली.
एवढं कळायला तक्ता कशाला.

पण बू फलाह.
हजेरी सगळ्यांत कमी, पेट्रोल सगळ्यांत जास्त.
ऑडिटरनं लाल पेनचं टोपण काढून ठेवलं.

पावत्या तारखेनं लावल्या.
मग, का कोण जाणे, जुन्या पेपरांचा गठ्ठा ओढला,
मयतांचं पान उघडलं.
सात मार्च, जहरा: कुणा ट्रकवाल्याची आई.
आठला फिंतास. नऊला पुन्हा जहरा.
पावतीगणिक एक मयत. वेळ असरनंतरची,
पंप सुलैबिखातच्या कब्रस्तानाजवळचा.

त्याचा ड्रायव्हर एकदा लिफ्टमध्ये बोलला होता:
मतं इथं कुठं, मतं तंबूत.
कडू कॉफीचा घोट, खांद्यावर हात.
जो आला नाही त्याला लोक चार वर्षं धरून ठेवतात.

"म्हणजे प्रचारच," ऑडिटर म्हणाला, "सरकारी पेट्रोलवर."
खोटं नव्हतं.
एकशे बेचाळीस दिनार नामंजूर. शिक्का माझाच.

एक पावती उरली. एकवीस मार्च, फरवानिया.
त्या दिवशीच्या पानावर फरवानियाचं कुणी नाही.
ऑडिटरला जुळेना.

मला जुळली.
बाणकोटला अब्बा गेले, तिकीट मिळालं नाही,
खोलीवर आम्ही आठ जण कुराण वाचत होतो
आणि जिन्यावर धापा टाकत एक जाडा माणूस आला,
चपला काढून सतरंजीच्या कडेला बसला.
आठांपैकी मत एकालाही नव्हतं.

(त्या दिवसाची माझी हजेरी: हजर,
सात वाजून दोन मिनिटं, अंगठा.)

तीन दिनार, चारशे पन्नास फिल्स.
ऑडिटर वाट बघत होता.
मी शाईच्या पॅडवर शिक्का दाबला,
तिच्यावरही मारला.