पक्षी-नोंदवही

तेलाचा पंधरा किलोचा डबा, तीन बाजूंनी कापलेला,
कडा ठोकून आत दुमडलेल्या,
चिमणीचा पाय चिरू नये म्हणून, अझरा म्हणाली.
शाळेमागच्या कडुनिंबाला तो तारेनं टांगला
त्याच दिवशी वहीचं पहिलं पान आखलं:
तारीख. वेळ. पक्षी. संख्या. शेरा.

सकाळी सात ते साडेसात, परिपाठाआधी.
पंपाच्या खोलीआडून दोन डोकी:
अझरा पठाण, प्रज्ञाशील वाव्हळे, इयत्ता सातवी.
जिंतूरची पहिली एसटी वळणावर भोंगा देते
तेव्हा साळुंक्या उडतात, होले उडत नाहीत.
हे शेऱ्यात आहे.

डब्यात एका अंगाला रेशनचा तांदूळ, दुसऱ्या अंगाला ज्वारी.
आठ दिवस तांदळाला कुणी चोच लावली नाही.
"पाखरालाबी कळतंय, सर," प्रज्ञाशील म्हणाला.
मी म्हटलं, हे मत झालं. आकडा लिही.

पहिल्या सोमवारी चिमण्या एकशे चाळीस.
अर्ध्या तासात? ह्या एवढ्या डब्यावर?
"सर, यायल्यात, जायल्यात, परत यायल्यात."
मग नियम ठरला:
एका वेळी जास्तीत जास्त जितक्या दिसतील
तेवढ्याच मोजायच्या. गेलेली परत आली
तर ती नवी नाही.
एकशे चाळिसाच्या अकरा झाल्या.
अझरा दोन दिवस माझ्याशी धड बोलली नाही.

तेविसाव्या दिवशी विजेच्या खांबावर शिक्रा.
सातभाईंचा कलकलाट मिटला,
ज्वारी जशीच्या तशी,
निंबाखाली फक्त सावली हलत होती.
प्रज्ञाशीलनं चिमण्यांचा रकाना मोकळा सोडला.
अझरानं त्याच्या हातून पेन ओढला.
"रिकामं काऊन? आपण बसलो होतोत ना इथं?
बघितलं न दिसली नाही, त्ये शून्य.
बघायलाच आलो नाही, त्ये रिकामं."
हे मी शिकवलं नव्हतं.

आज शनिवार. सातलाच केंद्रप्रमुखांचा फोन:
दहापर्यंत पट कळवा.
वीस भरले तर बरं, गुरुजी. पुढचं तुम्हाला माहीतच आहे.
हजेरीत नावं बावीस.
बळीराम आणि त्याची धाकटी, बापाच्या साईटवर, चाकणला.
नागसेन, परभणीच्या वसतिगृहात,
तिथंही त्याचं नाव असणारच.
तिघांपुढं जूनपासून माझ्याच अक्षरातली
हजर, हजर, हजर,
बारीक, एकसारखी, एका बैठकीत लिहिलेली.

एका वेळी जास्तीत जास्त किती दिसले?
मी खिडकीशी बसून मनातल्या मनात ओळ लावली.
एकोणीस. साईनाथ उशिरा येतो, त्याला धरून.

फोन पुन्हा वाजला.
बाहेर डब्याच्या काठावर एक काळा-पांढरा पक्षी,
शेपटी उंच, वहीत आजवर न आलेला.
दाणे नाही, तारेवरच्या मुंग्या टिपत होता.
अझरानं वळून ओठांवर बोट ठेवलं,
मला, हेडमास्तरला.
फोन वाजत राहिला.
मी उचलला नाही, बंदही केला नाही,
जागचा हललो असतो तर तो उडाला असता.

दुपारी सही करायला वही आली.
दयाळ: १.
शेरा: दाणा खाल्ला नाही. सरांचा फोन वाजायला,
तरी उडाला नाही.