चार मिलिमीटर

ओंदारोआच्या बंदरात मी माशांचा लिलाव चालवते.
इथे भाव चढत नाही, उतरतो,
आणि ज्याचं बोट आधी बटणावर पडतं
त्याची पेटी.
तीन सेकंदांत चारशे किलो बांगडा निकालात काढते मी.
सायकल मात्र ठरत नाही.
मार्च गेला, जून आला.

बिल्बाओच्या दुकानात उनायने कार्बनची काढून दाखवली.
काळी. समोरून पाहिली तर जवळजवळ नाहीच,
सुरीचं पातं धारेकडून पाहावं तशी.
ब्रेकच्या तारासुद्धा पोटात.
उचलली, तर हात अंदाजापेक्षा वर गेला,
भरलेली समजून रिकामी घागर उचलावी तसा.
ताशी चाळीसला अठरा वॉट वाचतील, उनाय म्हणाला.
ताशी चाळीस मी फक्त उतारावर पाहते.
पण ते अठरा कुठे खर्च होतील, मला ठाऊक होतं:
लेकेइतिओच्या रस्त्यावर, समुद्राचा वारा आडवा आला की
मायालेनच्या मागच्या चाकापासून मी सुटते,
आधी हातभर,
मग वळणभर,
तिथे.

शाबातचं दुकान म्हणजे एलोरिओतलं एक गॅरेज.
कोपऱ्यात टायटॅनियमच्या नळ्या,
सिरिमिरी पडायच्या आधीच्या आभाळाच्या रंगाच्या.
रंग देणार नाही म्हणाला,
गंज नाही त्याला रंग कशाला.
शिंप्यासारखं माप घेतलं त्याने.
डावा पाय सहा मिलिमीटर आखूड.
छप्पन्न वर्षांत हे कुणी सांगितलं नव्हतं मला,
ना आईने, ना डॉक्टरने,
ना आंतोनने, ज्याच्यासोबत वीस वर्षं नाचले.
उजवा खांदा खाली, पेट्या ओढून ओढून.
गळ्याच्या हाडावर त्याचं बोट थांबलं.
"इथे आहे वाटतं आधीच."
आहे. एक पट्टी, सात स्क्रू,
उर्किओलाच्या उतारावरची ओली पानं.
विमानतळावर गप्प असते, थंडीत बोलते.

"अकरा महिने लागतील," तो म्हणाला.
"पण मग तुला पुरून उरेल."
मी दोन्ही अर्थ ऐकले.

घरी येताना चेनसारखं तेच फिरत राहिलं:
जी कधीतरी तडकणार, ती कुणालाही चालेल.
जी तडकणार नाही, ती फक्त मला,
माझ्या आखूड पायाला, उतरलेल्या खांद्याला.
मागून भिंतीवर टांगतील,
येणारे-जाणारे विचारतील कुणाची,
आणि बसून पाहिलं तर प्रत्येकाला
कुठेतरी बोचेल.

भावाची मुलगी, नाहिया, एकोणीस वर्षांची.
पेडल मारताना गुडघे बाहेर, बदकासारखे.
तिला दाराच्या चौकटीला पाठ लावून उभी केली,
पेन्सिलीने खूण केली, हातही मोजले.
तिला वाटलं पोहण्याचा सूट घेतेय तिच्यासाठी.
वाटू दिलं.

"वरची नळी चार मिलिमीटर वाढव," मी शाबातला म्हटलं.
"मग ती तुझी राहणार नाही. पाठ दुखेल."
"दुखतेच आहे."
त्याने खोडरबर शोधलं, कागदावर काहीतरी बदललं,
आणि कागदावर हात ठेवला.
चार केले की दोन, की नुसतंच खोडून पुन्हा तेच लिहिलं,
दिसलं नाही.
आगाऊ रक्कम सोमवारी, असं ठरलं.

रविवारी वारा होता.
मी माझ्या जुन्या स्टीलवर, तिचा खालचा बेअरिंग कण्हतोय.
मायालेन सुटली, आधी हातभर, मग वळणभर.
वळणापलीकडे थांबली होती,
नेहमीच थांबते, हे मी हिशेबात कधी धरलंच नव्हतं.
अर्धं केळं पुढे केलं. "ठरलं?"
तेवढ्यात खिशात फोन वाजला, उनायचा निरोप:
वीस टक्के कमी, आज रात्रीपर्यंत.
भाव उतरत होता.
माझी बोटं केळ्याने चिकट झाली होती.