कच्चा रंग

एफी पेनमनच्या कपाटात, तळाच्या खणात,
विणायच्या सुया आणि विम्याच्या पावत्यांखाली
एक तिकोनी कापड आहे.
मला विचाराल तर बदामी. फार तर
कपाच्या कडेला शिळा चहा सोडतो, तसला रंग.
ती म्हणते, लाल.

मी काही बोलत नाही.
आठ ते पावणेनऊ एवढीच माझी वेळ:
गोळ्या, अंग पुसणं, पॉरिज, पायमोजे.
नव्वदीच्या बाईशी रंगावरून वाद घालायचे
कंपनी पैसे देत नाही.

लम्फिनन्समध्ये तेव्हा, ती सांगते,
चर्चच्या बँडमागून पितळी बटणं लावून चालणारी पोरं होती
आणि कुंपणावर बसून त्यांच्याकडे बघणारी आम्ही.
मग खाणीतल्या बापांनी ठरवलं, आपल्या पोरांनाही गणवेश हवा.
सदरे पिठाच्या पोत्यांचे शिवले.
गिरणीचं नाव तीनदा उकळूनही गेलं नाही,
म्हणून क्रांतीच्या फलकामागून चालणाऱ्या वुलीच्या पाठीवर
'उत्तम प्रतीचं पीठ'
असं फिकट निळं वाचता यायचं.

रुमाल मात्र लालच पाहिजे.
आईनं उशीचा अभ्रा कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत कापला,
एक तिकोन एफीला, एक शेजारच्या आयसा रेनीला.
औषधवाल्याकडची दोन पेन्यांची पुडी
कपडे उकळायच्या हंड्यात काठीनं ढवळली.

"मूठभर मीठ घालायचं," मी न राहवून म्हणाले.
(इचलकरंजीची आहे मी. मिठाच्या पाण्यात बुडवल्याशिवाय
नवं पातळ आमच्यात कोणी नेसलं नाही.)
एफीनं त्या दिवशी पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघितलं.
"दुकानदारानं उधारी बंद केली होती.
घरात मीठच नव्हतं."

मे महिन्याची पहिली तारीख. लॉखगेलीपर्यंत चालत.
अर्ध्या वाटेत पाऊस, तिकडचा, आडवा.
रंग निघाला,
गळपट्टीवरून, छातीवरून, पार पोटापर्यंत.
पोलिसांनी पोरं फोडली, म्हणून एका बाईनं किंकाळी मारली.
पोलीस एकटाच होता बिचारा,
सायकल धरून, तोही भिजत.

दुसऱ्या दिवशी मिस ऑक्टरलोनींनी वर्गात
रुमाल सोडायला लावले. सोडले.
खाली अकरा गुलाबी माना.
बाई पट्टी घेऊन उभ्याच राहिल्या,
कातडी काही जप्त करता येईना.
इथं एफी इतकी हसते की ठसका लागतो,
मला पेला धरावा लागतो.

आयसाचं सांगताना हसत नाही.
आयसाचे घरचे कॉर्बीला गेले, पोलादाच्या कारखान्यात,
दुसरा तिकोन तिच्याबरोबर.
पत्रं यायची, मग नाताळची कार्डं,
छप्पन साली काहीतरी झालं आणि तीही थांबली.
"हंगेरी," एवढंच म्हणते एफी,
जणू पलीकडच्या गल्लीत राहणारी
कोणी तोंडाळ बाईच ती.

मागच्या वर्षी एडिनबरोहून म्युझियमची माणसं आली,
पांढरे हातमोजे घालून.
तिनं त्यांना एक भडक रुमाल दिला,
शनिवारच्या बाजारातला, दीड पौंडाचा.
"त्यांना लाल हवा होता," मला म्हणाली,
"हा बघून त्यांना काय कळलं असतं?"

आज पायमोजे चढवताना
तिनं माझा अंगरखा चिमटीत धरला.
जांभळा, नायलॉनचा, खिशावर कंपनीचं फूल.
"हा त्यांनी दिला?"
"पगारातून कापले. अठरा पौंड."
बराच वेळ गप्प. घड्याळात पावणेनऊ होऊन गेले,
मी पिशवी उचलली.
"रंग जातो का गं?"
नाही, मी म्हटलं, चांगला पक्का आहे.
"हं," एफी म्हणाली,
"त्यांच्याकडे मीठ असणारच."